सुट्ट्या पैशांतून आणि बँकेच्या नाण्यांच्या पाकिटांतून संग्राह्य नाणी कशी शोधावीत

भारतात आज कायदेशीर चलन म्हणून ५० पैसे, १, २, ५, १० आणि २० रुपये एवढीच नाणी उरली आहेत. २५ पैसे आणि त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून रद्द झाली. त्यामुळे बँकेतून आणलेल्या चिल्लरीत चार आणे, दहा पैसे किंवा नया पैसा सापडेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. ती नाणी घरातले जुने डबे, देवघराचे खण आणि आजीचा बटवा यांतच शोधावी लागतात. चालू चिल्लरीत जे खरोखर हाती लागते ते प्रामुख्याने १९९२ नंतरचे असते, आणि क्वचित त्याआधीच्या दशकातले. हा काळ अलीकडचा असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने तो अतिशय समृद्ध आहे. या तीस-पस्तीस वर्षांत नाण्यांचे धातू, आकार, वजन आणि नक्षी अनेकदा बदलली, देशातील चार टांकसाळींबरोबरच परदेशांतूनही नाणी पाडून आणावी लागली आणि स्मारक नाण्यांचे कितीतरी प्रकार सर्वसाधारण व्यवहारात मिसळले.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. चाळलेल्या चिल्लरीपैकी बहुतेक सर्व नाण्यांची किंमत दर्शनी मूल्याइतकीच असते, आणि बाजूला काढून ठेवलेल्यांपैकीही बहुतेकांना बाजारात दर्शनी मूल्याच्या काही पटच मिळतात. हा छंद उत्पन्नासाठी धरणाऱ्याची निराशा होते. वर्ष, टांकसाळ, धातू आणि अवस्था पाहून नाणे ओळखण्याची नजर तयार करणाऱ्याला मात्र शंभर नाण्यांच्या साध्या पाकिटातही पाहण्यासारखे बरेच काही मिळते, आणि खरे दुर्मीळ नाणे समोर आले तर ते त्याच्या हातून निसटत नाही.

चिल्लर कुठून मिळवावी

चिल्लरीचे मूळ दोन प्रकारचे असते, आणि दोन्हींतून मिळणारी नाणी वेगळी असतात. टांकसाळीतून रिझर्व्ह बँकेमार्गे आलेल्या कोऱ्या नाण्यांच्या पिशवीत सगळी नाणी बहुधा एकाच वर्षाची आणि एकाच नक्षीची असतात. तिथे जुने काही सापडत नाही. परंतु न वापरलेल्या अवस्थेतील नाणी आणि टांकसाळीत झालेल्या चुका शोधायच्या असतील तर हीच पिशवी उपयोगाची असते, कारण ती अजून कोणी चाळलेली नसते. याउलट दुकानदार, देवस्थाने आणि वाहतूक सेवा यांच्याकडून बँकेत जमा झालेली मिश्र चिल्लर मळकी असली तरी तिच्यात जुनी वर्षे आणि स्मारक नाणी असतात. नवशिक्याने मिश्र चिल्लरीपासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण विविधता पाहिल्याशिवाय नजर तयार होत नाही.

बँकेत जाताना ज्या शाखेत आपले खाते आहे तिथेच जावे आणि महिन्याचे पहिले दहा दिवस, निवृत्तिवेतनाचे दिवस आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस टाळावा. कॅशियरला नम्रपणे सांगावे की नाण्यांचा अभ्यास करतो, जमा झालेली सुटी नाणी असतील तर नोटांच्या बदल्यात हवी आहेत. बहुतेक शाखांना नाणी साठवणे अडचणीचे वाटते, त्यामुळे विचारण्याची रीत नीट असेल तर नकार सहसा येत नाही. नाणी शंभर-शंभरच्या प्लॅस्टिक पाकिटांत मिळतात, आणि परत करतानाही याच रीतीने भरून न्यावीत. काही बँका ‘कॉइन मेळा’ भरवतात. क्यूआर कोड वापरून नाणी देणारी यंत्रे बसवण्याचा पथदर्शी प्रकल्प रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये १२ शहरांसाठी जाहीर केला होता. अशी सोय जवळ असेल तर जरूर वापरावी.

बँकेबाहेरचे स्रोतही तितकेच महत्त्वाचे आहेत. एसटीचे वाहक, भाजीवाले, पानटपरी, पिठाची गिरणी, गावातील देवळाची दानपेटी उघडणारे विश्वस्त या सर्वांकडे जुनी नाणी फिरत असतात. दानपेटीतील नाणी वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिलेली असू शकतात, म्हणून लहान देवस्थानाच्या विश्वस्तांशी बोलून, रीतसर मोजून आणि पूर्ण रक्कम नोटांत देऊन ती चिल्लर घेणे दोघांच्याही सोयीचे ठरते.

साधने

साधने फार लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, एक साधे लोहचुंबक, व्हर्नियर कॅलिपर, बाजूने तिरपा प्रकाश टाकता येईल असा टेबलदिवा, खाली अंथरायला जाड सुती कापड आणि एक वही एवढे पुरेसे आहे.

चाळण्याचा क्रम

पाकीट उघडल्यावर एकेक नाणे हातात घेऊन सर्व काही एकदम पाहण्याचा मोह टाळावा. प्रत्येक फेरीत एकच गोष्ट पाहावी, म्हणजे डोळा थकत नाही आणि काही सुटत नाही.

पहिली फेरी धातूची. नाणी मूल्यानुसार वेगळी करून त्यांवरून चुंबक फिरवावे. १९९२ पासूनचा १ रुपया पोलादाचा असल्याने चुंबकाला चिकटतो. त्याआधीचा तांबे-निकेलचा रुपया चिकटत नाही आणि मागे राहतो. १९८३ ते १९९१ या काळातील हा रुपया ६ ग्रॅम वजनाचा आणि २६ मिलिमीटर व्यासाचा आहे, तर १९७५ ते १९८२ मधला त्याहून मोठा, ८ ग्रॅम वजनाचा आहे. २ रुपयांत १९९२ ते २००४ दरम्यानचे अकरा कोनांचे, भारताच्या नकाशाचे ६ ग्रॅमचे तांबे-निकेल नाणे चुंबकाला चिकटत नाही. २००५ नंतरची गोल पोलादी नाणी चिकटतात.

चुंबकाचा खरा उपयोग ५ रुपयांत होतो. १९९२ पासूनचे जाड, ९ ग्रॅमचे, कडेवर खाच असलेले नाणे तांबे-निकेलचे होते. नंतर ६ ग्रॅमचे पातळ पोलादी नाणे आले आणि पुढे निकेल-पितळेचे पिवळे नाणे आले. या बदलाच्या काळात काही स्मारक नाणी तांबे-निकेल आणि पोलाद अशा दोन्ही धातूंत पाडली गेली. लालबहादूर शास्त्री आणि दांडी यात्रा यांची ५ रुपयांची नाणी ही त्याची चांगली उदाहरणे आहेत. समोर ठेवलेली दांडी यात्रेची दोन नाणी वरून एकसारखी दिसतात. पण एक चुंबकाला ताबडतोब चिकटते, दुसरे जागचे हलत नाही, आणि काट्यावर ठेवल्यावर दोघांत सुमारे ३ ग्रॅमचा फरक दिसतो. संग्राहकाच्या दृष्टीने ती दोन स्वतंत्र नाणी आहेत आणि दोन्ही ठेवली पाहिजेत.

दुसरी फेरी टांकसाळीच्या खुणेची. भारत सरकारच्या चार टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. यांपैकी नोएडाची टांकसाळ सर्वांत अलीकडची, १९८८ ची. मुंबईची १८२९ पासून फोर्टमध्ये उभी आहे. टांकसाळीची खूण बहुतेक नाण्यांवर वर्षाच्या आकड्यांखाली असते. मुंबईची खूण लहान चौकटी आकाराचा हिरा, हैदराबादची पाच टोकांची चांदणी, नोएडाची गोल टिंब, आणि कोलकात्याची खूणच नसते. झिजलेल्या नाण्यावर हिरा आणि टिंब यांत गल्लत होते. अशा वेळी वरून सरळ प्रकाश टाकण्याऐवजी दिवा बाजूला ठेवावा आणि नाणे हळूहळू फिरवावे. हिऱ्याच्या कोनांची सावली एका क्षणी टोकदार दिसते, टिंबाची कधीच दिसत नाही. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर चांदणीऐवजी दुभंगलेला हिरा किंवा टिंब असलेला हिरा अशा खुणाही आढळतात, म्हणून हिरा दिसला की लगेच मुंबई असे लिहून मोकळे होऊ नये.

परदेशी टांकसाळींच्या खुणा हा या फेरीतला सर्वांत आनंदाचा भाग. देशातील टांकसाळींची क्षमता मागणीला अपुरी पडली तेव्हा सरकारने नाणी बाहेरून पाडून घेतली. १९८५ च्या १ रुपयावर वर्षाखाली ‘एच’ हे रोमन अक्षर असेल तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. त्याच वर्षाच्या रुपयावर हिरा वर्षाच्या मधोमध नसून पहिल्या आकड्याखाली असेल तर ते वेल्समधील लँट्रिसंट येथील रॉयल मिंटचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांतील १, २ आणि ५ रुपयांच्या नाण्यांवरही अशा खुणा सापडतात. वर लहान ‘ओ’ असलेला ‘एम’ मेक्सिकोचा, ‘एमके’ स्लोवाकियातील क्रेम्निकाचा, लंबगोलातील ‘एम’ दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाचा, पहिल्या आकड्याखालची चांदणी दक्षिण कोरियाची आणि रशियन लिपीतील तीन अक्षरे मॉस्कोची. यांतील बरीच नाणी फार महाग नाहीत. तरीही खिशातल्या एका रुपयाने स्लोवाकियातून इथवर प्रवास केला आहे हे कळल्यावर तो पुन्हा गल्ल्यात टाकावासा वाटत नाही.

वहीत प्रत्येक मूल्यासाठी एक तक्ता आखावा. उभ्या रकान्यात वर्षे, आडव्या ओळीत टांकसाळी. सापडलेल्या नाण्यासमोर खूण करावी आणि त्याहून चांगल्या अवस्थेतील नाणे मिळाले की जुने बदलावे. १९९२ ते २००४ या काळातील कणसांच्या नक्षीचा पोलादी रुपया सर्व टांकसाळींसह पूर्ण करणे हे पहिले उद्दिष्ट म्हणून अगदी योग्य आहे, कारण ते साध्य होण्याजोगे आहे आणि त्यातूनच कोणते वर्ष वारंवार येते आणि कोणते कधीच येत नाही याचा स्वतःचा अंदाज बांधता येतो.

तिसरी फेरी स्मारक नाण्यांची. मराठी संग्राहकाला जवळची वाटतील अशी नाणी चिल्लरीत आजही येतात: १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा १ रुपया, त्याच वर्षाचे छत्रपती शिवाजी महाराजांचे २ रुपये, संत तुकारामांचा १ रुपया, लोकमान्य टिळकांचे ५ रुपये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९९० चा १ रुपया आणि २०१५ चे १० रुपये. यांतील बहुतेक मोठ्या संख्येने पाडली गेल्याने स्वस्त आहेत, आणि म्हणूनच ती उत्तम अवस्थेत मिळवण्याचा आग्रह धरावा. तुलनेने दुर्मीळ मानली जाणारी नाणी विषयाने रूक्ष असतात, त्यामुळे ती नजरेतून सुटतात. १९९३ च्या आंतर-संसदीय संघाच्या परिषदेचा १ रुपया आणि १९९६ च्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय पीकविज्ञान काँग्रेसचे ५ रुपये ही दोन नावे लक्षात ठेवावीत. २०२२ मध्ये आलेल्या ‘आझादी का अमृत महोत्सव’ चिन्हाच्या १, २, ५, १० आणि २० रुपयांच्या नाण्यांना अनेक जण दुर्मीळ समजून जपतात; ती सर्वसाधारण चलनासाठीच काढलेली आहेत.

चौथी फेरी टांकसाळीतल्या चुकांची, आणि इथे घाई करून चालत नाही. नाणे कसे तयार होते हे माहीत असेल तरच चूक खरी की खोटी हे ठरवता येते. धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापल्या जातात, त्यांची कड उचलली जाते, आणि मग गोल कड्यात बसवून वरच्या आणि खालच्या ठशांमध्ये त्या दाबल्या जातात. चकती कापताना यंत्राने आधीच्या भोकावर घाव घातला तर नाण्याला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. असा तुकडा खरा असेल तर त्याच्या अगदी समोरच्या बाजूची कड अस्पष्ट उठलेली असते आणि जवळची अक्षरे तुकड्याकडे ओघळल्यासारखी दिसतात. कानस किंवा कात्री वापरून केलेल्या तुकड्यात असे काही दिसत नाही. चकती ठशाखाली सरकली तर नक्षी एका बाजूला जाऊन दुसरीकडे कोरा भाग उरतो. त्यातही वर्ष वाचता येत असेल तर मागणी अधिक असते. ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर उंचावलेली बारीक रेष येते. ओरखडा मात्र नेहमी खोल असतो, आणि हा फरक भिंगाखाली सहज कळतो.

बाजारात ज्याला ‘लखी’ म्हणतात त्या नाण्याला विशेष मागणी आहे. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले की पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीची नक्षी आणि दुसऱ्या बाजूला तीच नक्षी उलटी व खोलगट उमटते. खऱ्या लखीत ही उलटी आकृती पूर्ण, काठापर्यंत स्पष्ट आणि प्रमाणबद्ध असते, तर उठावाची बाजू अजिबात दबलेली नसते. दोन नाणी शिकंजात दाबून केलेल्या नकलीत मूळ नक्षीचे अवशेष खोल आकृतीच्या आजूबाजूला दिसतात आणि मागची बाजू सपाट झालेली असते. ठसा फिरल्याची चूक तपासायची असेल तर नाणे सरळ धरून पुस्तकाचे पान उलटावे तसे उजवीकडून डावीकडे फिरवावे; भारतीय नाण्याची दुसरी बाजूही सरळच दिसली पाहिजे. थोडासा कल सर्रास आढळतो आणि त्याला विशेष किंमत नसते, पण पूर्ण उलटे किंवा काटकोनात फिरलेले नाणे जरूर ठेवावे.

आगीत काळे पडलेले, रेल्वेरुळावर चपटे झालेले, रसायनात रंग बदललेले किंवा पितळेचा मुलामा दिलेले नाणे ही टांकसाळीची चूक नव्हे. शंका असेल तेव्हा वजन पाहावे आणि नोंदीत ‘शंकास्पद’ असे लिहून नाणे वेगळे ठेवावे.

जपणूक

सापडलेले नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख, पितळ उजळण्याची पावडर, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावले की पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे येतात, टांकसाळीची मूळ चमक कायमची जाते आणि किंमत घसरते. फारच चिकट मळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवावे आणि न घासता मऊ कापडावर टिपावे. नाणे कडेला धरावे. बोटांचा घाम तांब्याच्या मिश्रधातूंवर डाग पाडतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकट थर बाहेर येतो, म्हणून पुठ्ठ्याच्या चौकटी किंवा पीव्हीसीविरहित पाकिटे वापरावीत. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या दमट हवेत हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे अनिवार्य आहे, आणि पावसाळा संपल्यावर त्या बदलाव्यात.

किंमत, कायदा आणि फसवणूक

नाण्याची किंमत ठरवताना विक्रेत्याने मागितलेला आकडा विचारात घेऊ नये. लिलावात ते प्रत्यक्षात कितीला विकले गेले हे पाहावे. वैष्णोदेवीच्या ५ आणि १० रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात असे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. ही २०१२ ची नाणी चलनात विपुल आहेत आणि त्यांना तशी किंमत नाही. जुन्या २० पैशांच्या कमळाच्या पिवळ्या नाण्यात सोने असल्याची समजूतही तितकीच निराधार आहे. अशा जाहिरातींचा पुढचा टप्पा ठरलेला असतो: खरेदीदार म्हणून फोन येतो, मोठी रक्कम कबूल केली जाते, आणि मग ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ आधी भरायला सांगितला जातो. आपले नाव आणि बोधचिन्ह वापरून होणाऱ्या या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. बँक अशा व्यवहारात नसते आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. विकणाऱ्याने पैसे भरायचे असा व्यवहार दिसला की तिथेच थांबावे.

नाणी जमवणे हा गुन्हा नाही. नाणे अधिनियम, २०११ नुसार ती वितळवणे किंवा नष्ट करणे हा मात्र सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील नातेवाइकांना भेट पाठवताना हे ध्यानात ठेवावे.

ओळख पक्की करण्यासाठी जाणकारांची संगत हवीच. पुण्यातील इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स आणि मुंबई कॉइन सोसायटी यांच्या प्रदर्शनांत नाणी हाताळून पाहता येतात. मुंबईत फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय ही दोन ठिकाणे प्रत्येक संग्राहकाने एकदा तरी पाहावीत.

उरलेली चिल्लर परत करणे

चाळून झालेली नाणी साठवून ठेवू नयेत. ती शंभराच्या पाकिटांत नीट मोजून, ज्या शाखेतून आणली तिच्याऐवजी दुसऱ्या शाखेत भरावीत, नाहीतर तीच पाकिटे पुन्हा आपल्याच हाती येतात. कायद्याने १ रुपया व त्यावरील नाण्यांत एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचेच देणे स्वीकारण्याचे बंधन आहे, त्यामुळे मोठी रक्कम न्यायची असल्यास आधी विचारून जावे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे सुट्ट्यांची चणचण असलेल्या शेजारच्या किराणा दुकानदाराला ती देणे. १० रुपयांची नाणी मात्र तो घेईल की नाही हे आधी पाहावे, कारण ती खोटी असल्याची अफवा अजून अनेक गावांत टिकून आहे. अशा वेळी त्याला सांगावे की १० रुपयांची नाणी १४ वेगवेगळ्या नक्षींत निघाली असून ती सर्व वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. व्यवहार ठरला की पुढच्या वेळी त्याच्या गल्ल्यातील जुनी नाणी आपल्यासाठी बाजूला ठेवायला सांगावे, आणि प्रत्येक वेळी पाकिटावर तारीख व स्रोत लिहून ठेवावा, म्हणजे कोणत्या ठिकाणची चिल्लर पुन्हा चाळण्याजोगी आहे हे काही महिन्यांत वहीतूनच दिसू लागते.